साडेनऊ लाख क्युसेकसाठी बांधलेला कोसीचा तटबंध दीड लाखालाच का फुटला?

18 ऑगस्ट 2008. नेपाळमध्ये, भारताच्या सीमेपासून जवळच असलेलं कुसहा नावाचं गाव. त्या दुपारी कोसी नदीच्या पूर्व काठावरचा तटबंध इथे फुटला. बघता बघता भगदाड दीड किलोमीटरच्या पुढे गेलं. नदीचं बहुतेक सगळं पाणी तिथूनच बाहेर पडायला लागलं आणि कोसी आपलं पात्र सोडून शंभर किलोमीटरहून जास्त पूर्वेकडच्या जुन्या वाटांनी वाहू लागली. बिहारमधल्या सुपौल, मधेपुरा, अररिया, सहरसा आणि पूर्णिया या पाच जिल्ह्यांत 30 लाखांहून जास्त लोकांना फटका बसला. तटबंध आहे म्हणून जी गावं वर्षानुवर्षं निर्धास्त झोपत होती, त्यांच्या अंगणातून नदी वाहत होती.

बातम्यांमध्ये याला 'महापूर' म्हटलं गेलं. पण त्या दिवशी कोसीला महापूर आलेलाच नव्हता.

त्या दिवशी नदीत साधारण दीड लाख क्युसेक पाणी होतं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे अंदाजे 28 लिटर. धरणातून विसर्ग सुरू झाल्याच्या बातम्यांमुळे सांगलीकरांना आणि पंढरपूरकरांना हा शब्द चांगलाच पाठ आहे. दीड लाख क्युसेक हा आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण कोसीसाठी पावसाळ्यातलं ते नेहमीचंच पाणी. भीमनगरचा बराज आणि त्याच्या आजूबाजूचे तटबंध साडेनऊ लाख क्युसेक डोळ्यांसमोर ठेवून बांधलेले. ऑक्टोबर 1968 मध्ये तर या नदीने नऊ लाख क्युसेकचा टप्पा ओलांडला होता. मग ठरलेल्या ताकदीच्या सहाव्या हिश्श्यालाच तटबंधाने मान का टाकली?

या प्रश्नाचं उत्तर तटबंधाच्या उंचीत सापडत नाही. ते सापडतं त्याच्या पायथ्याशी.

आधी तटबंध म्हणजे काय ते बघू

धरण नदीला आडवं असतं आणि ते पाणी साठवतं. तटबंध नदीच्या कडेकडेने जातो आणि पाण्याला पात्राबाहेर पसरू देत नाही. बहुतेक ठिकाणी तो मातीचाच असतो. बाजूने बघितला तर रस्त्याचा भराव वाटावा असा. वरून सपाट, दोन्ही बाजूंना उतार. कोकणात समुद्राचं खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून जी खारबंदिस्ती करतात, ती याच घराण्यातली.

मातीचाच का, भिंत का नाही? कारण साधं आहे. शेकडो किलोमीटर काँक्रीट परवडत नाही. शिवाय नदीकाठची जमीन मऊ असते, ती थोडीफार खचते. माती तिच्याबरोबर बसते, भिंतीला तडा जातो. पण मातीला उभं राहायचं तर पाय पसरावे लागतात आणि तिथेच खर्चाचं गणित फिरतं.

समजा पाच मीटर उंचीचा तटबंध बांधायचा आहे. वरची रुंदी पाच मीटर, म्हणजे दुरुस्तीची गाडी जाईल एवढी. दोन्ही बाजूंचा उतार एकास तीन, म्हणजे एक मीटर चढायला तीन मीटर आडवं जायचं. पायथ्याची रुंदी झाली 35 मीटर. एका किलोमीटरला माती लागली एक लाख घनमीटर, म्हणजे दहा घनमीटरच्या टिपरने दहा हजार खेपा. आता कुणी म्हणालं, 'एकच मीटर वाढवा की!' उंची 20 टक्क्यांनी वाढली, पण माती लागेल 1 लाख 38 हजार घनमीटर. वर पायथ्याला सहा मीटर जादा जमीन लागेल, तीही किलोमीटरभर, कुणाच्या तरी शेतातून किंवा घराखालून. 'उंची वाढवा' ही मागणी भाषणात सोपी असते, ती या हिशेबामुळे.

उंची ठरते कशावरून? आधी किती मोठ्या पुरासाठी बांधायचं ते ठरवावं लागतं. भारतात साधारण पद्धत अशी की, मागे शेती असेल तर 25 वर्षांतून एकदा येणारा पूर धरायचा आणि शहर असेल तर 100 वर्षांतून एकदा येणारा. महाराष्ट्रात नदीकाठी निळी रेषा आणि लाल रेषा आखतात, त्यामागेही हेच 25 आणि 100 चे आकडे आहेत.

इथे एक गैरसमज पक्का बसलेला आहे. '100 वर्षांचा पूर' म्हणजे तो आत्ता येऊन गेला, आता शंभर वर्षं काळजी नाही, असा अर्थ नसतो. दर वर्षी तो येण्याची शक्यता एक टक्का असते, गेल्या वर्षी आला होता का याच्याशी तिला देणंघेणं नाही. 30 वर्षांचं गृहकर्ज काढून नदीकाठी घर घेतलं, तर कर्ज फिटेपर्यंत असा पूर एकदा तरी बघण्याची शक्यता 26 टक्के आहे. 25 वर्षांच्या पुरासाठी हाच आकडा 70 टक्क्यांच्या वर जातो. म्हणजे शेतीसाठी बांधलेला तटबंध एका शेतकऱ्याच्या हयातीत अपुरा पडण्याची शक्यताच जास्त. तो अपुरा पडणार हे डिझाइनमध्येच मान्य केलेलं असतं. मागे राहणाऱ्या लोकांना ते सहसा कुणी सांगत नाही, एवढंच.

त्या पुराची पातळी काढली की तिच्यावर आणखी दीड ते पावणेदोन मीटर मोकळी उंची ठेवतात. तिला फ्रीबोर्ड म्हणतात. ती लाटांसाठी असते, माती बसण्यासाठी असते आणि इंजिनिअरच्या अंदाजातल्या चुकीसाठीही असते.

पाणी वरून येत नाही, खालून येतं

तटबंध फुटला म्हटलं की डोळ्यांसमोर पाणी वरून ओसंडतानाचं चित्र येतं. तसंही होतं आणि मातीच्या तटबंधाला ते फार काळ सोसत नाही. पण तटबंध मोडण्याचे बाकीचे मार्ग दिसत नाहीत, आणि जास्त घातक तेच.

पाच मीटर खोल पाणी टेकलं की तळाशी चौरस मीटरला पाच टनांचा दाब येतो. हा दाब पाण्याला तटबंधाच्या आतून आणि त्याच्या खालच्या जमिनीतून पलीकडे ढकलत असतो. माती कितीही दाबली तरी थोडं पाणी झिरपणारच, आणि झिरपायला हरकतही नाही. हरकत आहे ती त्या पाण्याने माती सोबत नेण्याला. खाली वाळूचा थर असेल तर पाणी पलीकडच्या शेतात झऱ्यासारखं उसळतं. त्यासोबत वाळूचे कण आले की तटबंधाखाली एक पोकळ नळी तयार व्हायला लागते. बाहेरच्या टोकाकडून सुरू होऊन ती नदीच्या दिशेने लांबत जाते. ती नदीला भिडली की वरचा भराव काही वेळातच बसतो. इंजिनिअर याला पाइपिंग म्हणतात.

म्हणून पुराच्या रात्री तटबंधावर गस्त घालणारा जाणकार माणूस नदीकडे कमी आणि गावाकडच्या पायथ्याकडे जास्त बघतो. उसळणारं पाणी निवळ असेल तर नजर ठेवायची. गढूळ झालं तर धावपळ सुरू. इथे एक उलटी वाटणारी गोष्ट आहे. तो झरा बुजवायचा नसतो. बुजवला तर दाब शेजारी दुसरी वाट फोडतो. त्याच्याभोवती वाळूच्या पोत्यांचं गोल कडं रचतात, विहिरीच्या कठड्यासारखं. आत पाणी चढतं, दोन्ही बाजूंच्या पातळीतला फरक कमी होतो आणि वाहण्याचा जोर इतका उतरतो की ते माती उचलू शकत नाही. पाणी वाहू द्यायचं, माती अडवायची. मिसिसिपीच्या काठावर पूर आला की आजही हेच करतात.

बांधतानाची सगळी काळजी याच शत्रूसाठी असते. आधी वरची सुपीक माती, गवत, मुळं खरवडून काढायची, कारण मुळं कुजली की पोकळी राहते. मग चिकणमातीचे वीतभर जाडीचे थर टाकायचे, प्रत्येकात ठरावीक ओल ठेवायची आणि रोलर फिरवायचा. माती फार कोरडी असली तर ढेकळं राहतात, फार ओली असली तर ती दबतच नाही. घाई झाली की पहिली काटछाट इथेच होते आणि वरून गवत उगवलं की ती कुणाला दिसतही नाही. मातीसाठी खणलेले खड्डे पायथ्यापासून लांब ठेवायचे, नाहीतर पाण्याला पलीकडे यायची वाट आपणच सोपी करून दिली असं होतं.

तटबंधावर झाडं लावायची नाहीत, हेही त्याच कारणाने. आणि उंदीर, कोल्हे, साळिंदर यांची बिळं शोधून बुजवायची. हे किरकोळ वाटत असेल, तर 1968 मध्ये कोसीचा पश्चिमेकडचा तटबंध दरभंगा जिल्ह्यात जमालपूरजवळ फुटला, तेव्हा सरकारी चौकशीत उंदीर आणि कोल्ह्यांवर ठपका आला होता. त्यावर पुढे बरीच थट्टा झाली, पण तांत्रिकदृष्ट्या ते अशक्य नाही. प्रश्न एवढाच, की बिळं बुजवायचं काम कोल्ह्यांचं नव्हतं.

ज्यांच्याकडे पैसा आणि तंत्र दोन्ही आहे, तेही यातून सुटलेले नाहीत. 29 ऑगस्ट 2005 ला कतरिना वादळात अमेरिकेतलं न्यू ऑर्लिन्स शहर 80 टक्के पाण्याखाली गेलं. शहरातल्या कालव्यांच्या काठी मातीच्या बांधात पोलादी पत्रे ठोकून त्यावर काँक्रीटच्या भिंती उभ्या केल्या होत्या. त्यातल्या 17व्या स्ट्रीटच्या कालव्याची भिंत पाणी माथ्यापर्यंत पोचायच्या आधीच सरकली. दाबाने भिंत किंचित कलली, तिच्या आणि मातीच्या मध्ये फट पडली, फटीत पाणी शिरलं आणि खालच्या मऊ चिकणमातीच्या थरावरून अख्खा बांध भिंतीसकट घसरला. तटबंध बांधणाऱ्या अमेरिकी लष्कराच्या इंजिनिअर विभागाने 2006 च्या अहवालात डिझाइनमधले दोष कबूल केले.

मग कुसह्याला काय झालं?

कुसह्याला पाणी वरून गेलं नाही. नदी सरकत सरकत तटबंधाच्या पायाशी आली आणि तिने पायथाच कापून नेला.

पण ती सरकली का? यासाठी कोसीचा स्वभाव माहीत असायला हवा. हिमालयातून ही नदी दरवर्षी कोट्यवधी टन गाळ घेऊन येते. नेपाळमध्ये चतरा इथे ती डोंगरातून मैदानात उतरते, उतार एकदम कमी होतो, वेग मरतो आणि गाळ खाली बसतो. पात्र भरलं की नदी शेजारच्या सखल भागात उडी मारते. 20व्या शतकाच्या मध्यापर्यंतच्या सुमारे अडीचशे वर्षांत ती अशी सरकत सरकत 120 किलोमीटरच्या आसपास पश्चिमेला आली होती. 'बिहारचा शोक' हे नाव तिला त्यातूनच पडलं.

1954 मध्ये भारत आणि नेपाळ यांच्यात करार झाला आणि 1955 पासून दोन्ही काठांवर तटबंध उभे राहायला लागले. दोन्ही मिळून दोनशे किलोमीटरहून जास्त. नदीची हालचाल थांबली, पण गाळ थांबला नाही. पूर्वी जो गाळ शेकडो चौरस किलोमीटरवर पातळ पसरायचा, तो आता दोन तटबंधांच्या मधल्या पट्ट्यात बसायला लागला. पात्र वर्षागणिक उचललं गेलं. काही ठिकाणी नदीचा तळ बाहेरच्या गावांपेक्षा काही मीटर उंच झाला. नदी जमिनीवरून नव्हे, जणू जमिनीवर ठेवलेल्या पन्हाळीतून वाहू लागली.

आणि पात्राच्या आत गाळाची बेटं तयार झाली की मुख्य धार त्यांना वळसा घालून एका काठाकडे झुकते. कुसह्याजवळ ती पूर्वेच्या तटबंधाकडे झुकली होती. तिला लांब ठेवायला तिथे स्पर होते. स्पर म्हणजे तटबंधातून पात्रात घुसणारे आडवे बांध, ज्यांच्यावर धार आपटून मधे वळते. ऑगस्ट 2008 च्या सुरुवातीपासून बराजच्या वर 12 ते 13 किलोमीटरवरचे दोन स्पर कापले जात होते. म्हणजे धोका अचानक आला नाही, हाताशी दिवस होते. स्पर गेले आणि तटबंध उघडा पडला. दीड लाख क्युसेकची धार सरळ त्याच्या बुंध्यावर येत राहिली. पायथ्याची माती गेली की वरची कोसळते, त्याला साडेनऊ लाख क्युसेक लागत नाहीत.

तटबंध नेपाळमध्ये, करारानुसार देखभाल भारताकडे, आणि भारतात ती बिहारच्या जलसंपदा विभागाकडे. फुटल्यावर पाटणा, दिल्ली आणि काठमांडू यांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. 1963 पासून कोसीचे तटबंध फुटण्याची ही आठवी वेळ होती. आणि तटबंधामागे फुटलेलं पाणी साध्या पुरापेक्षा वाईट का असतं, हे या वेळी दिसलं. नेहमीचा पूर तासातासाने चढतो, लोकांना तो वाचता येतो. इथे उंचावरची नदी एकदम खाली आली, तेही अशा भागात जिथे तिची वाट कधीच शेती आणि वस्तीने भरून गेली होती.

तटबंध नकोतच का?

हा वाद कोसीच्या तटबंधांपेक्षा जुना आहे. 1937 मध्ये पाटण्यात पूर परिषद भरली होती. बिहारचे माजी मुख्य अभियंता कॅप्टन हॉल यांनी तिथे तटबंधांना विरोध केला होता. 1954 मध्ये बिहारमध्ये 160 किलोमीटर तटबंध होते आणि पूरप्रवण क्षेत्र 25 लाख हेक्टर. 1994 मध्ये राज्याच्या दुसऱ्या सिंचन आयोगाने नोंदवलं तेव्हा तटबंध तीन हजार किलोमीटरच्या पुढे गेले होते आणि पूरप्रवण क्षेत्र 68 लाख हेक्टरच्या वर. तटबंध बांधले म्हणूनच पूर वाढला, असा सरळ निष्कर्ष या आकड्यांतून काढणं घाईचं होईल, मोजण्याच्या पद्धतीही मधे बदलतात. पण ज्यासाठी बांधले ते झालं नाही, हे त्यातून स्पष्ट दिसतं.

यातला एक भाग पाणी बाहेर काढण्याचा आहे. तटबंधामागे पडलेला पाऊस नदीत जायचा कसा? त्यासाठी तटबंधात झडपांचे दरवाजे ठेवतात. गोव्यातल्या खाजन शेतीत हे फार सुंदर जमवलेलं आहे. तिथल्या बांधातल्या 'मानशी'चे लाकडी दरवाजे भरतीच्या पाण्याने आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडतात. पण दिवसातून दोनदा ओहोटी येते म्हणून ते चालतं. कोसीत बाहेरचा तळच उंच झाला, दरवाजांसमोर गाळ बसला, त्यामुळे आतलं पाणी आतच तुंबलं. तटबंध न फुटताही बिहारमध्ये हजारो हेक्टर शेतं महिनोन्महिने पाण्यात राहतात, ती यामुळे.

अमेरिकेत 1927 पर्यंत मिसिसिपीबाबत धोरण एकच होतं: फक्त तटबंध. त्या वर्षीच्या पुराने ते ठिकठिकाणी फोडले. 1928 मध्ये कायदा आला आणि जादा पाणी मुद्दाम बाहेर सोडण्याच्या वाटा तयार केल्या गेल्या. न्यू ऑर्लिन्सच्या वरचा बोने कॅरे सांडवा त्यातलाच. नदी फार चढली की तो उघडतात आणि पाणी शहराऐवजी शेजारच्या सरोवरात जातं.

नेदरलँड्स तर त्याही पुढे गेलं. ज्या देशाचा मोठा भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे, तिथे 1993 आणि 1995 च्या पुरांनंतर तटबंध आणखी उंच करण्याऐवजी नदीला जागा परत द्यायचं ठरलं. नायमेखेन शहरासमोर वाल नदीचा तटबंध 350 मीटर मागे सरकवला आणि तिथे नदीसाठी जादा पात्र खोदलं. त्यासाठी 50 च्या आसपास घरं पाडावी लागली. नदी रुंद झाली, पातळी खाली आली.

कोसीत मागे सरकवण्याचा प्रश्न वेगळा आहे. तिथे दोन तटबंधांमधलं अंतर काही ठिकाणी आधीच दहा किलोमीटरच्या आसपास आहे. पण त्या अंतरात साडेतीनशेहून जास्त गावं आहेत. 1950 च्या दशकात तटबंध बांधले तेव्हा ही गावं नदीच्या बाजूला राहिली, पुनर्वसन अर्धवट झालं, आणि ज्यांना बाहेर जागा मिळाली त्यांचीही शेती आतच होती, त्यामुळे बरेच जण परत आले. सप्टेंबर 2024 मध्ये बराजमधून 6 लाख 61 हजार क्युसेक पाणी सुटलं, 56 वर्षांतलं सर्वांत जास्त. दरभंग्यात तटबंध फुटला आणि पाणी बाहेरच्या गावांत शिरलं. आतल्या गावांना मात्र तटबंध टिकतो की फुटतो याची वाट बघावी लागत नाही, त्यांच्याकडे पाणी दरवर्षीच येतं. मग ती माणसं गुरंढोरं आणि ताडपत्री घेऊन तटबंधावरच चढून बसतात, कारण आसपास तेवढीच जागा उंच असते.